काटे-चमचे घेताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझा पहिला सेट मी खोक्यावरचा फोटो बघून घेतला होता. चोवीस नग आणि वर '१८/१०' असा ठसठशीत छापा. महिन्याभरात फ्रीजरमधून काढलेल्या घट्ट आइस्क्रीममध्ये चमचा रोवला आणि त्याने शब्दशः मान टाकली. छापा खोटा नव्हता, स्टील खरोखर त्याच जातीचं असावं. मी भलतीच गोष्ट बघून पैसे दिले होते, एवढंच. त्यानंतर दुकानांत चमचे उलटसुलट करून बघायची सवयच लागली आणि ओळखीचे लोक खरेदीला निघाले की विचारू लागले. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१८/१०, १८/८, १८/० हे आकडे नेमकं काय सांगतात?

पहिला आकडा क्रोमियमचा, दुसरा निकेलचा, दोन्ही टक्क्यांत. गंज अडवायचं मुख्य काम क्रोमियमचं. हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन ते स्टीलवर डोळ्यांना न दिसणारा अतिशय पातळ थर धरतं. वर ओरखडा उठला तरी तिथे हा थर आपोआप पुन्हा धरतो. साधारण साडेदहा टक्क्यांहून कमी क्रोमियम असलेल्या स्टीलला स्टेनलेस म्हणतच नाहीत. निकेलमुळे गंजाला आणखी अटकाव होतो आणि झिलईत चांदीकडे झुकणारी झाक येते.

१८/८ आणि १८/१० यांत फरक शोधत बसू नका. दोन्ही ३०४ क्रमांकाच्या जातीत बसतात आणि त्या जातीत निकेल आठ ते साडेदहा टक्क्यांच्या दरम्यान असतं. जेवणाच्या टेबलावर हा फरक कोणाला ओळखता येणार नाही. १८/० म्हणजे बहुतेक वेळा ४३० क्रमांकाचं, निकेल जवळजवळ नसलेलं स्टील.

मग १८/० घेऊ नये का?

खुशाल घ्या. खूप माणसं रोज जेवतात अशा ठिकाणी १८/० सर्रास वापरतात, आणि ते धुऊन लगेच पुसलं तर वर्षानुवर्षं टिकतं. मंद पडलेली झिलई आणि कडेला बारीक तांबूस ठिपके ही त्याची दुखणी, तीही ओलं ठेवल्यावर उद्भवणारी. घर समुद्राजवळ असेल, हवा दमट-खारी असेल किंवा डिशवॉशरमध्ये चमचे रात्रभर ओले पडून राहणार असतील तर निकेलवाल्या स्टीलसाठी जास्तीचे पैसे द्यावेत. एरवी पातळ १८/१० आणि जाड १८/० समोर असतील तर मी डोळे मिटून जाड उचलेन.

चुंबक लावून बघितलं की खरं-खोटं कळतं ना?

अर्धवट कळतं, आणि त्या अर्धवटातच बरेच जण फसतात. १८/० ला चुंबक घट्ट चिकटतं, १८/८ आणि १८/१० ला चिकटत नाही. इथपर्यंत ठीक. पण २०१ आणि २०२ या स्वस्त जातींनाही चुंबक चिकटत नाही. त्यांत निकेल निम्म्यावर आणलेलं असतं आणि त्याची जागा मँगनीजने भरून काढलेली असते. म्हणजे चुंबक न चिकटणारा चमचा ३०४ चा असेल किंवा २०२ चाही असेल. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत. फरक पडतो तो काही महिन्यांनी, मीठ आणि ओल यांच्या संगतीत राहिल्यावर.

गंमत म्हणजे उलटंही होतं. अस्सल ३०४ चा पत्रा थंड अवस्थेत दाबला-वाकवला की तिथे तो किंचित चुंबकाला धरतो. त्यामुळे चांगल्या काट्याच्या मानेपाशी चुंबक हलकंसं ओढलं गेलं तर दुकानदाराशी भांडू नका.

'इनॉक्स', 'रोस्टफ्राय' असे ठसे म्हणजे उत्तम दर्जा का?

पहिला शब्द फ्रेंच वळणाचा, दुसरा जर्मन. दोन्हींचा अर्थ 'न गंजणारं', म्हणजे आपलं स्टेनलेस. जात, जाडी, कारागिरी यांतलं काहीही त्यातून कळत नाही. 'सर्जिकल स्टील' हाही असाच भारदस्त वाटणारा, पण मोघम शब्द. खोक्यावर आयएसओ ८४४२ चा उल्लेख असेल तर त्याला मात्र थोडं वजन द्या, कारण तो काटे-चमच्यांसाठीच केलेला मापदंड आहे.

आकडे आणि ठसे बाजूला ठेवले तर बघायचं काय?

मान. चमच्याची वाटी किंवा काट्याचे दाते जिथे दांडीला मिळतात ती अरुंद जागा. सगळा जोर तिथे येतो आणि चमचा वाकतो तोही तिथेच.

यामागचं कारण कारखान्यात आहे. चमचा तयार होतो तो पत्र्यातून आकार कापून. स्वस्त मालात सपाट पत्र्याचा तुकडा कापतात, साच्यात दाबतात, पॉलिश मारतात आणि काम संपतं. असा चमचा कडेने धरून बघितला तर टोकापासून टोकापर्यंत एकच जाडी दिसते. दांडीत जेवढा पत्रा, तेवढाच मानेत, तेवढाच ओठाला लागणाऱ्या कडेला. चांगल्या कामात जाड पत्रा घेतात आणि वाटीच्या व दांडीच्या बाजूला तो रुळांखालून काढून हवा तिथे पातळ करतात. मानेतली जाडी तशीच राहते, कड पातळ होते. तोंडात बोथट, जाड कड लागत नाही आणि तरी मान ढळत नाही. ही जादाची पायरी वेळखाऊ आहे, म्हणून स्वस्त मालातून तीच आधी गळते.

तेव्हा चमचा डोळ्यांसमोर आडवा धरा, नाकाच्या रेषेत, आणि कडेने बघा. जाडी मानेकडे वाढत गेलेली दिसली तर निम्मी परीक्षा झाली. नुसता मिलिमीटरचा आकडा दिला असेल तर दीडपर्यंतचा माल हलका समजावा, दोन ते अडीच रोजच्या वापराला पुरेसा. तीनच्या पुढे घेतलात तर पैसे मुख्यतः वजनाचे.

दुकानात उभ्या उभ्या आणखी काय तपासता येईल?

काट्याच्या दात्यांमधल्या फटीत नखाचं टोक घालून खालपर्यंत न्या. माझी सगळ्यात आवडती परीक्षा ही. तिथे पॉलिश करणं किचकट आणि खर्चाचं, म्हणून कंजूस कारखाना ती जागा सोडून देतो. वरून आरशासारखा काटा, आत करवतीसारखी खरखर. अशा फटीत अन्न अडकतं, घासणी पोचत नाही आणि डागही तिथूनच सुरू होतात.

मग चमच्याच्या वाटीच्या कडेवरून अंगठा हळूच फिरवा. कुठे खुपलं तर ते रोज ओठाला खुपणार. चमचा मानेखाली बोटावर तोलून धरा. एकीकडे धाडकन कलला तर तो ताटाच्या कडेवरूनही तसाच घसरेल. सपाट टेबलावर ठेवून टोकाला टिचकी मारा, डुगडुगतो का बघा. एकाच प्रकारचे तीन चमचे एकात एक बसवा. वाट्या एकसारख्या असतील तर नीट बसतात, नसतील तर फटी दिसतात आणि साचा झिजलेला आहे हे कळतं.

दुकानदार ना म्हणणार नसेल तर मानेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून बेताने दाबा. जोर लावायचा नाही, फक्त धातू लवतो का ते बघायचं. लवल्यावर परत जागेवर आला तर ठीक. नाही आला तर तो चमचा तुम्हालाच विकत घ्यावा लागेल, पण निदान सेट वाचेल.

ऑनलाइन घेताना हे कसं जमणार?

हात लावता येत नाही, म्हणून कडेने काढलेला फोटो शोधा. विक्रेत्याने दिला नसेल तर ग्राहकांनी टाकलेल्या फोटोंत बहुतेक वेळा सापडतो. सेटचं एकूण वजन आणि नगांची संख्या यांचा भागाकार करून फार काही हाती लागत नाही, कारण सुऱ्या वजन खातात. एका काट्याचं वजन दिलं असेल तर ते बघा. एकोणीस ते एकवीस सेंटिमीटर लांबीचा जेवणाचा काटा पंचेचाळीस ते साठ ग्रॅममध्ये असेल तर हाताला भक्कम लागतो. लांबी जरूर वाचा. फोटोत सगळेच चमचे मोठे दिसतात आणि घरी खोकं उघडल्यावर चहाच्या चमच्याची थोरली बहीण निघते. कमी प्रतिक्रिया वाचायच्या असतील तर वर्षभर वापरून लिहिलेल्याच वाचा. 'खूप छान, वेळेत आलं' याचा चमच्याशी काही संबंध नाही.

जितकं जड तितकं चांगलं, असं म्हणतात ते?

एका मर्यादेपर्यंत. वजन दांडीच्या टोकाकडे साठलेलं असेल तर काटा ताटातून सारखा बाहेर उडी मारतो. ज्यांची बोटं दुखतात, ज्यांची पकड कमी झाली आहे त्यांना जड काटे-चमचे नकोसे होतात. त्यांच्यासाठी हलकी पण जाडसर, गोलसर दांडी शोधावी.

सगळा सेट ठीक, पण सुऱ्यांवरच ठिपके पडले. बनावट माल का?

बहुधा नाही. सुरी मुळातच वेगळ्या स्टीलची असते. १८/१० चं स्टील उष्णता देऊन कडक करता येत नाही, त्यामुळे त्याला धार टिकत नाही. म्हणून पात्यासाठी तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलेलं, निकेल नसलेलं, तापवून कडक करता येणारं स्टील वापरतात. खोक्यावर मागे बारीक अक्षरांत '१३/०' असं लिहिलेलं सापडेल. क्रोमियम कमी, म्हणून गंजाला तोंड द्यायची ताकदही कमी. सेट कितीही महाग असला तरी हे टळत नाही.

हे स्टील जुनं आहे. शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून मिश्रधातू शोधत होता. त्यातून साधारण १३ टक्के क्रोमियमचं न गंजणारं स्टील हाती आलं आणि त्याच गावच्या सुऱ्या करणाऱ्यांनी ते उचललं. तुमच्या टेबलावरच्या सुरीचं पातं अजून त्याच घराण्यातलं आहे.

उपाय सोपा आहे. सुरी खरकट्या ताटात तासन्‌तास ठेवायची नाही, विशेषतः मीठ, लिंबू, व्हिनेगर लागलेलं असताना. मिठातलं क्लोराइड तो संरक्षक थर जागोजागी भेदतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. वरचा तांबूस डाग निघतो, खड्डा मात्र राहतो.

सुरीची दांडी पोकळ चांगली की भरीव?

पोकळ दांडी दोन अर्धुकं जोडून करतात आणि पातं तिच्यात बसवतात. हातात जाड, आरामशीर लागते, पण स्वस्त कामात जोड उघडतो, आत पाणी शिरतं, पातं खिळखिळं होतं. कानाशी धरून हलवा. खुळखुळ वाजली तर परत ठेवा. भरीव सुरी एकाच तुकड्यातून घडवलेली असते, सुटण्यासारखं काही नसतं. मात्र दांडीदेखील पात्याच्याच स्टीलची, त्यामुळे ती जास्त जपून पुसावी लागते. बेताच्या पैशांत घ्यायचं असेल तर भरीवच घ्या.

पूर्ण सेट घ्यावा की सुटे नग?

नगांच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. सेटचा आकडा फुगतो तो चहाच्या चमच्यांनी आणि कधी न वापरल्या जाणाऱ्या वाढायच्या चमच्यांनी. घरात तुम्ही काय वापरता ते आठवडाभर बघा. बहुतेक घरांत चमचे सगळ्यात आधी संपतात, काटे त्यामागून, आणि सुऱ्या खणात गुण्यागोविंदाने पडून असतात.

घरातल्या माणसांच्या दुप्पट चमचे आणि दीडपट काटे असले की दोन धुण्यांमध्ये अडचण होत नाही. सुऱ्या माणशी एक पुरे. हे गणित सेटमध्ये बसत नाही, सुट्या नगांत बसतं. म्हणून मी सुटे मिळणारा, बऱ्याच वर्षांपासून चालू असलेला साधा नमुना घेण्याच्या बाजूची आहे. एक चमचा कचऱ्यात गेला (जातोच, ताटाबरोबर) तर तेवढाच आणता येतो. घेताना विचारा, 'हाच नमुना पुढच्या वर्षी मिळेल का?' उत्तर देताना समोरचा छताकडे बघायला लागला तर दोन चमचे जादा घेऊन ठेवा.

आधी एक चमचा आणि एक काटा आणून आठवडाभर वापरायचा, मग बाकीचे, हा मार्ग सगळ्यात स्वस्त.

चकचकीत घ्यावं की मॅट?

चकचकीत पृष्ठभागावर पहिले काही महिने प्रत्येक ओरखडा दिसतो, मग ओरखड्यांची जाळी एकसारखी होते आणि दिसेनाशी होते. मॅटवर बोटांचे ठसे कमी, पण एखादा खोल ओरखडा चमकून उठतो. नक्षी असेल तर खाचा खोल नसाव्यात.

सोनेरी, गुलाबी, काळे काटे-चमचे टिकतात का?

रंग कसा चढवला यावर आहे. पीव्हीडी पद्धतीत निर्वात पेटीत धातूची वाफ करून तिचा अतिशय पातळ आणि कठीण थर स्टीलवर बसवतात. सोनेरी रंगासाठी बहुधा टायटेनियम नायट्राइड असतं. हा थर घरच्या वापरात चांगला टिकतो, फक्त तारेची घासणी आणि खरखरीत पावडर लावायची नाही. साधा रंग किंवा हलका मुलामा असेल तर तो आधी दात्यांच्या टोकांवर आणि वाटीच्या पाठीवर उडतो. वर्णनात पद्धत लिहिलीच नसेल तर उडणारा आहे असं धरून चाला. रंगाला पैसे द्यायचे की जाडीला, असा प्रश्न आला तर माझं उत्तर तुम्हाला एव्हाना ठाऊक आहे.

लाकडी किंवा प्लास्टिकच्या दांड्या?

दिसतात सुरेख. लाकूड पाण्याने फुगतं, सुकल्यावर आकसतं, आणि काही महिन्यांत धातू-लाकडाच्या सांध्यात काळी रेघ उमटते. डिशवॉशर असेल तर विचारही करू नका.

जुना, वापरलेला चांदीसारखा सेट मिळतोय. घ्यावा?

मागचा ठसा वाचा. ९२५ असेल तर साडेब्याण्णव टक्के चांदी. 'ई.पी.एन.एस.' असेल तर निकेल सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. नावात चांदी असली तरी निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चमचा पालथा करून वाटीची पाठ बघा. टेबलाला टेकणारा भाग पिवळसर झाला असेल तर मुलामा झिजला आहे. जुना स्टीलचा सेट मात्र अनेकदा खरा सौदा ठरतो. जाड पत्रा आणि घासून-घासून मऊ झालेल्या कडा नव्या मालात कमी पैशांत मिळत नाहीत.

डिशवॉशरमधून काढल्यावर गंजाचे ठिपके दिसतात. चमचे परत करू का?

थांबा. आधी टोपलीवरचं आवरण कुठे उडालंय का बघा. बऱ्याचदा गंज तिथला किंवा एखाद्या साध्या लोखंडी वस्तूचा असतो आणि पाण्याबरोबर येऊन चमच्यावर बसतो. असा डाग मऊ कापडाने आणि सोड्याच्या लगद्याने निघतो. खाली स्टील गुळगुळीत असेल तर चमचा निर्दोष. खड्डा लागला तर गंज त्याचा स्वतःचा.

चांदीचे आणि स्टीलचे नग एकाच कप्प्यात एकमेकांना लागून ठेवू नका, ओल्यात दोन धातूंची रासायनिक कुरबुर होते आणि डाग पडतात. यंत्र थांबलं की दार उघडा, वाफ जाऊ द्या.

इंद्रधनुष्यासारखे आणि पांढरट डाग कसले?

पांढरे डाग जड पाण्यातल्या क्षारांचे. निळसर-जांभळी झाक म्हणजे वरच्या थराची जाडी किंचित बदलली आहे, धोका काही नाही. दोन्हींवर पातळ व्हिनेगर कापडाने फिरवा, लगेच धुवा, पुसा. ब्लीच अजिबात नको.

घरात निकेलची ॲलर्जी असलेलं माणूस आहे.

अशा घरी १८/० हा सोयीचा पर्याय, स्वस्तही. त्रास जास्त असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

वाकलेला चमचा सरळ करता येतो का?

एकदा, हळू, जाड कापडात धरून येतो. पण थंड स्टील वाकवलं की ते त्या जागी कडक आणि ठिसूळ होत जातं. आज सरळ केला, पुन्हा वाकला, पुन्हा सरळ केला, असं चार-पाच वेळा झालं की मानेवर आडवी केसासारखी रेघ दिसते. ती दिसली की तो चमचा जेवणातून काढायचा. माझा तो आइस्क्रीमवाला चमचा आता कुंडीतली माती भुसभुशीत करतो, आणि तिथेही मान तिरकीच ठेवतो.